आंबोलीच्या धुक्यात रुसलेली गाडी

हिंडलगा, शिनोळी, चंदगड मागे टाकत बेळगावकर आंबोली गाठतो तो पावसासाठी. गेल्या आषाढात तिथे हिरण्यकेशीच्या देवळाजवळ आमची विजेवरची गाडी रुसली. चार्जिंग 60 टक्के. तरी बटण दाबले की कधी 'रेडी'चा दिवा लागे, कधी नुसतीच टकटक. धुके दाटत होते आणि सोबत सत्तरीच्या सासूबाई. "अवसर ब्याड," त्या शांतपणे म्हणाल्या.

चहाच्या टपरीवरचा मुलगा पूर्वी गॅरेजात होता. त्याने बॉनेट उघडायला लावले. या गाड्यांतही 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. मोठ्या बॅटरीची वीज पुढे सोडणारे स्विच तिच्याच जोरावर चालतात. ती थकली किंवा तिचे टर्मिनल सैल झाले, की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही. आमचे टर्मिनल सैल निघाले, वर पांढरा थर. गाडी बंद करून त्याने ते पुसले, आवळले, दिवा लागला. नारिंगी तारांना मात्र कुणी हात लावू नये, तिथे जिवाला धोका असतो.

उजेड असतानाच निघालो. इथे उगम पावलेली हिरण्यकेशी कर्नाटकात घटप्रभेला मिळते. तीही आपल्यासारखीच, दोन्हीकडची.