घरात कोण कुणाशी काय बोलतं?

'आपली मातृभाषा कोणती?' हा प्रश्न प्रश्नावलीत पहिला ठेवायचा नाही, एवढे मी आधीच ठरवले होते. सीमाभागातल्या दुभाषी घरांचा अभ्यास करायचा आणि हाच प्रश्न मागे ढकलायचा, याचे आमच्या स्टाफरूममध्ये नवल वाटले. पण आपल्याकडे हा प्रश्न साधा राहिलेला नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, प्रत्येक वेळी गाव कुणाचे याचा वाद भाषेच्या आकड्यांवर झाला. त्यामुळे विचारणाऱ्याच्या मनात काही नसले तरी ऐकणाऱ्याला 'तुम्ही कुणाच्या बाजूचे?' असेच ऐकू येते.

शिवाय २०११ च्या जनगणनेत मातृभाषेला रकाना एकच होता. येत असलेल्या इतर भाषा दोनपर्यंत लिहिता येत होत्या, पण त्या कुणाशी बोलता, हे विचारलेले नव्हते. आता आई गोकाकची, आजी गडहिंग्लजची आणि शाळा इंग्रजी, अशा पोराने काय सांगायचे?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी १९६५ साली हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला होता: कोण, कुणाशी, केव्हा, कोणत्या भाषेत बोलतो? मी तोच धागा धरला. अज्जीशी काय बोलता? भाजीवालीशी? देवापुढे? भांडताना? पैसे मोजताना? मोजण्याच्या प्रश्नावर माझा फार भरवसा. माणूस इतर ठिकाणी विचार करून उत्तर देतो, नोटा मोजताना देत नाही.

प्रश्नावली दोन्ही भाषांत हवी होती. कन्नड विभागातल्या सरांनी भाषांतर केले आणि मूळ मराठी न पाहिलेल्या दुसऱ्या बाईंनी ते परत मराठीत आणले. 'घरात बोलली जाणारी भाषा' याचे कन्नडात 'मनेमातु' झाले होते, ते परत येताना 'मातृभाषा' होऊन आले! शब्द सुंदर, पण दोन प्रश्न एकात मिसळत होते. मग 'मनेयल्लि हेच्चागि मातनाडुव भाषे' असे लांबलचक लिहावे लागले.

आधी दहा घरांत चाचणी घेतली. वडगावातल्या एका म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमास्नी काय पाहिजे ते लिवा की. पण रेशन कार्डावरचं नाव तेवढं कापू नका." प्रश्नावलीच्या वर मोठ्या अक्षरांत आम्ही छापले, की नाव लिहून घेणार नाही आणि माहिती कोणत्याही सरकारी यादीत जाणार नाही. मराठी पोरीने विचारले तर मराठी, कन्नड पोराने विचारले तर कन्नड, असे सौजन्यही लोक दाखवत होते. म्हणून प्रत्यक्ष कामाला मुले जोडीने पाठवली, एक मराठी घरातले, एक कन्नड घरातले. दारात दोघांनी आपापल्या भाषेत नमस्कार केला, की पुढचे बोलणे मोकळे व्हायचे.

खरी अडचण वेगळीच निघाली. दार उघडले, की उत्तर द्यायला पुढे येतात घरचे मालक. "आमच्यात मराठीच." तेवढ्यात आतून हाक येते, "ऊटक्के बा!" मुलगा "आलो गं" म्हणून पळतो. कन्नड मालकांच्या घरीही हाच प्रकार, फक्त भाषा उलट. घरपट एकच प्रश्नावली भरली असती तर या सगळ्या सुना कागदावरून गायब झाल्या असत्या. म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळी प्रश्नावली दिली आणि बायकांना शक्यतो स्वयंपाकघरातच विचारले. वेळ तिप्पट गेला, झेरॉक्सचा खर्चही वाढला. संख्याशास्त्राच्या सरांना १ मराठी, २ कन्नड असे दोनच कोड हवे होते. '३, दोन्ही मिसळून' हा मी हट्टाने ठेवला.

शहापुरात एका घरी पन्नाशीच्या बाई भाकरी थापत होत्या. आमची विद्यार्थिनी समोर बसली तर म्हणाल्या, "हे मला विचारालीस? त्यांना विचार की." मग हळूहळू सांगू लागल्या. सासूशी मराठी, पोरांशी मराठी, आईला फोन कन्नडात. भांडताना? त्या हसल्या. "भांडण मराठीत. रडू आलं की कन्नड."

आणि पैसे मोजताना?

परातीतला हात तसाच ठेवून त्यांनी पुटपुटत मोजून पाहिले, "ओंदु, एरडु, मूरु..."