चक्रधराशी उशिरा झालेली ओळख

पदवीचे शिक्षण मी अठरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू केले. घरातील कामे आटोपल्यावर रात्री स्वयंपाकघरातच वाचायला बसत असे. अशाच एका रात्री विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी हाती घेतली. ही बेडेकरांची एकमेव कादंबरी, १९३९ साली प्रसिद्ध झालेली. ती प्रेमकथा आहे हे ऐकून होते. त्यामुळे नायकावर जीव जडेल, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात चक्रधर मला मुळीच आवडला नाही.

युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर स्वतःच आपली कहाणी सांगतो. उमाने केलेल्या प्रतारणेचा राग तो साऱ्या स्त्रीजातीवर काढू पाहतो. हेर्टा ही जर्मन ज्यू तरुणी त्याला भेटते, तेव्हाही आरंभी त्याच्या मनात प्रेम नसते. असते ती केवळ अभिलाषा. एकीने केलेल्या अपराधाची शिक्षा दुसरीला का? मी स्वाध्यायात लिहिले, “नायक आत्मकेंद्री व निष्ठुर आहे.” लिहून फार समाधान वाटले.

परीक्षेसाठी पुस्तक पुन्हा वाचणे भाग होते. या खेपेस एक गोष्ट ध्यानात आली. चक्रधर निष्ठुर आहे हे मला कळले कोठून? त्याच्याच तोंडून! तृतीयपुरुषी निवेदन असते तर लेखकाने त्याला दोष दिला असता किंवा पाठीशी घातले असते. येथे मात्र तो स्वतःच आपल्या मनातील काळोख वाचकासमोर मांडतो. जो माणूस आपले उणेपण झाकत नाही, त्याच्यावरचा राग फार काळ टिकत नाही.

हेर्टाविषयीही माझे मत असेच सावकाश पालटले. ओळखदेख नसलेल्या पुरुषावर हिने इतका जीव का लावावा, असे आधी वाटले होते. पण नाझी राजवटीने जिचा देश हिरावून घेतला, तिच्याजवळ देण्यासारखे दुसरे उरले तरी काय होते? मुंबईला चक्रधर उतरतो. हेर्टाला उतरण्याची परवानगी नसते. बोट तिला घेऊन पूर्वेकडे निघून जाते. त्यानंतर उरतात ती तिची पत्रे आणि तिचा मृत्यू. पहिल्या वाचनात मी हेर्टासाठी रडले होते. दुसऱ्या वाचनात त्या पत्रांसमोर एकटा राहिलेला चक्रधरही मला दिसला.

मग एक अवघड प्रश्न मनात आला. या माणसाचा मला इतका राग का आला होता? उत्तर घरातच होते. माझ्या थोरल्या भावाचे ठरलेले लग्न ऐन वेळी मोडले. तेव्हापासून दादाच्या बोलण्याला धार आली. बायकांविषयी तो काहीबाही बोले. एकदा मी उलटून बोलले आणि त्यानंतर तीन वर्षे भाऊबीजेला गेले नाही. चक्रधराला मी दिलेली विशेषणे खरे तर दादासाठी साठवलेली होती.

त्या वर्षी मी गेले. दार उघडताच दादा म्हणाला, “आलीस होय! वाट चुकलीस की काय?” मी उत्तर दिले नाही, ताट घेतले आणि त्याला ओवाळले. त्याचे बोलणे मला आजही पटत नाही. चक्रधराचेही सारे वागणे पटत नाही. पण न पटणारा माणूस आणि परका माणूस, यांत अंतर असते.

पात्र आवडले नाही, तर तसे निःसंकोच लिहावे. तीही वाचनाचीच एक पायरी आहे. मात्र पुस्तक मिटण्यापूर्वी त्या नावडीचे मूळ कोठे आहे, ते एकदा शोधावे. माझ्या वहीत ते पहिले वाक्य अजून तसेच आहे. मी ते खोडलेले नाही, त्याखाली फक्त आणखी एक वाक्य लिहिले आहे : “आणि हे त्याला स्वतःला ठाऊक आहे.”