मॅडम, असं नसतंय!

फ्रीलान्स पत्रकार म्हटलं, की लोकांना वाटतं, काय मस्त लाइफ आहे! बॉस नाही, बायोमेट्रिक नाही. पण लेखांच्या मानधनात पुण्यातलं घरभाडं निघत नाही, हे कोण सांगणार? म्हणून मास कॉमला असताना शिकलेलं डिझायनिंग मी अजून सोडलेलं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत चार महिन्यांचं एक काम आलं, तेही थेट जालन्याचं. एका छोट्या स्टुडिओत बियाण्यांची पाकिटं डिझाइन करायची.

मैत्रिणी हसल्या. हसू देत. 'जालना, सोने का पालना' असं तिथले लोक अभिमानानं म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये 'महिको' इथंच सुरू केली, पुढं बियाणं हीच या शहराची ओळख झाली. डिझायनरला कामाचा तोटा नाही. फक्त ते कॉफी शॉपच्या मेन्यूकार्डाचं नसतं, इतकंच.

टीम तिघांची. सिनिअर डिझायनर, ज्यांना सगळे 'काका' म्हणायचे, आणि दोन मुलं. ते तिघं कोरल ड्रॉवर, मी इलस्ट्रेटरवर. त्यांचं मराठी श्रीलिपीत, माझं युनिकोडमध्ये. र. कृ. जोशींनी केलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट विंडोजबरोबर मिळू लागून वीस वर्षं उलटली, तरी छपाईच्या दुनियेत जुन्या फॉन्टचा दरारा कायम आहे. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. फॉन्ट नसला, की मराठी गायब! पहिला आठवडाभर मी 'कापूस'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी बघत बसले. फॉन्ट मागितला, की 'देतो ना मॅडम' आणि विषय संपला.

डबा मात्र रोज माझ्यापुढे सरकवला जायचा. ज्वारीची भाकरी, ठेचा, सगळं प्रेमानं. फक्त मी बसले, की गप्पा थांबायच्या. डिझाइन दाखवलं, की काका मान डोलवायचे आणि म्हणायचे, "छान आहे. पण मॅडम, असं नसतंय." कसं असतंय, ते कुणी सांगेना. नव्या टीममध्ये भांडण परवडतं, हे असलं गोड मौन नाही परवडत. रात्री रूमवर येऊन मी दोनदा बॅग भरली. पुढच्या महिन्याचं भाडं आठवलं, की परत कपाटात.

मग मी काकांच्या मागेच लागले, छापखान्यात घेऊन चला म्हणून. तिथं कोडं सुटलं. ही पाकिटं ग्रॅव्ह्यूर पद्धतीनं छापतात. प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर. 'जरा डावीकडे घेऊ या' म्हटलं, की नवा सिलिंडर आणि नवा खर्च! म्हणून काका रंगीत चित्र तेच ठेवायचे आणि नव्या वाणासाठी फक्त काळा सिलिंडर बदलायचे. मला जो कंटाळवाणा साचा वाटत होता, तो त्यांचा हिशोब होता. उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर, चाचणीची तारीख हा मजकूर कायद्यानं द्यावाच लागतो. त्यासाठीची मोकळी जागाही ठरलेली. (आम्हाला कॉलेजात 'व्हाइट स्पेस' शिकवली होती. ही जरा वेगळी!)

आता माझा मुद्दा. बियाण्याला औषध लावलेलं असतं. ते खाऊ नये, जनावरांना घालू नये, त्याचं तेल काढू नये, ही सूचना पाकिटावर असते. आमच्या एका पाकिटात ती तळाशी, शिवणीला चिकटून, बारीक टायपात होती. माझं आजोळ अंबड तालुक्यातलं. असली जाड, चकचकीत पाकिटं आजी फेकायची नाही, त्यात मेथीदाणे भरून ठेवायची. मी हे सांगितलं आणि जोडून म्हटलं, "काका, काळा सिलिंडर तसाही नवा करतोय. सूचना काळ्यातच आहे. वर घेतली आणि मोठी केली, तर जादा खर्च किती?"

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "किती एमएम वर घ्यायची?"

त्या दिवशी संध्याकाळी पेनड्राइव्हवर फॉन्ट आले. न मागता!

पाकीट बनवून घेणाऱ्यांनी बदल कापसाला मान्य केला, मक्याला नाही. त्यांचे सिलिंडर तयार होते, सीझन तोंडावर. मी चिडले, काका नाही चिडले. "पुढच्या खरिपाला बघू," म्हणाले आणि चहा मागवला. युनिकोडवर त्यांचा विश्वास अजूनही नाही. वेलांटी पळते म्हणतात. जुन्या सॉफ्टवेअरवर ती खरंच पळायची, त्यामुळे वाद घालता येत नाही.

एप्रिलअखेर काम संपलं. दोघांपैकी धाकटा अजून अधूनमधून व्हॉट्सॲपवर डिझाइन पाठवतो, 'ताई, बघा ना जरा' म्हणून. फाइल कोरलचीच असते. पण आता फॉन्ट कर्व्ह करून, माझ्या लॅपटॉपवर उघडेल अशा जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली!