पडायला शिकायचं म्हणून हैदराबादला

मैत्रिणींनो, आमचं अर्धापूर म्हणजे केळीचं गाव. नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलात की अर्ध्या तासात दोन्ही अंगांना केळीच्या बागा दिसू लागतात, मधूनमधून हळदीचं रान. इसापूर धरणाचं पाणी कालव्यानं आलं आणि इथल्या शेतीचा रंगच पालटला. गावात केशवराजाचं जुनं देऊळ आहे, कधी आलात तर दर्शनाला चला, मीच घेऊन जाईन. पण या गावाला एका गोष्टीची फार भीती, ती म्हणजे वाऱ्याची. झाडाला घड लटकलेला असताना उन्हाळ्यात वादळ सुटलं की उभी बाग एका रात्रीत आडवी! म्हणून बागेच्या कडेनं शेवरी लावतात, झाडांना टेकू देतात, आणि वैशाखात संध्याकाळी आभाळ काळवंडलं की घराघरांतून बायका देवापुढं हात जोडतात.

अशा गावात एखादी मुलगी जेवता जेवता म्हणाली, "मामी, मला विमानातून उडी मारायला शिकायचंय," तर तुम्ही काय कराल? माझ्या हातातलं वरणाचं पातेलं खाली आलं, एवढंच सांगते.

ही माझी भाची, नणंदेची मुलगी. कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. रोज सकाळी एस.टी.नं नांदेडला जाते. कॉलेजात एन.सी.सी. घेतलेली, त्यामुळं आठवड्यातून दोनदा आमच्या ओट्यावर बुटांना पॉलिश चालू असतं. घरची परिस्थिती तुमच्या-आमच्यासारखीच. वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन. पण पोरगी हिशेबी! शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेते, साड्यांना फॉल-बिडिंग करून देते आणि ते पैसे बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकते. त्या डब्यात सहा हजार चारशे रुपये जमले होते, आणि त्या पैशांवर तिला आभाळ विकत घ्यायचं होतं.

मी ओरडले नाही. शाळेत अर्धवेळ का होईना, मुलांना शिकवते, तेव्हा एवढं मला कळतं की ओरडल्यानं मूल विचार सोडत नाही, फक्त सांगायचं सोडतं. मी म्हटलं, "आधी हिशेब मांड. मग बोलू."

तिनं वहीत मांडला. तो तुम्हालाही सांगते, कारण उद्या तुमच्या मुलीनं हाच हट्ट धरला तर उपयोगी पडेल. सगळ्यात सोपी म्हणजे जोडीची उडी. शिकवणारा तुम्हाला आपल्या छातीशी पट्ट्यांनी बांधून घेतो आणि सगळं तोच करतो. आपल्या देशात तिला पंचवीस-तीस हजार तरी लागतात. पैसे गेले, हौस फिटली, पण शिकणं नाही. खरं शिकायचं तर परवाना मिळवावा लागतो. अमेरिकेतल्या संस्थेच्या पहिल्या परवान्याला किमान २५ उड्या लागतात, आणि त्यासाठी आपली मुलं बहुधा परदेशी जातात. म्हणजे खर्च लाखांत. "हे काही आपलं काम नाही," असं खाली लिहून तिनं त्यावर काट मारली होती.

मग तिसरी ओळ होती. एन.सी.सी.! आपल्याकडे एन.सी.सी. १९४८ साली सुरू झाली आणि १९४९ साली मुलींचा विभाग निघाला. तिच्यातून दरवर्षी काही निवडक मुलामुलींना आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये हवाई छत्रीचं शिक्षण देतात. जिथं सैन्याचे जवान शिकतात, तिथंच! खर्च सरकारचा. मुलीनं द्यायचं ते अंगातलं बळ आणि पालकांची सही.

आणि अडलं होतं ते त्या सहीवर. माझ्या नणंदेला आम्ही अक्का म्हणतो. त्यांना फोन केला तर पलीकडून आवाज आला, "वैनी, तुमच्या भरवशावर लेकरू ठेवलंय, अन् तुम्ही तिला आभाळातून ढकलू लालाव का?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच होतं ते. आपल्या पोटच्या पोरीला मान तुकवणं निराळं आणि दुसऱ्याच्या लेकराची जबाबदारी घेणं निराळं. हात-पाय मोडला तर लोक बोलणार होते मामीलाच.

भाचीनं मला दोन-तीन बायकांच्या गोष्टी सांगितल्या. गीता चंदा ही हवाई दलातली डॉक्टर, तिनं १९५९ साली हवाई छत्रीनं उडी घेतली. रेचल थॉमस यांनी १९७९ साली आग्र्यालाच पहिली उडी मारली, २००२ साली त्या उत्तर ध्रुवावर उतरल्या आणि २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपल्या पुण्याची शीतल महाजन! १८ एप्रिल २००४ ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिनं आयुष्यातली पहिलीच उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, २४०० फुटांवरून. थंडी उणे ३७ अंश! २०११ साली तिलाही पद्मश्री मिळाली. पुढं २०१८ साली थायलंडमध्ये ती नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उतरली, आणि २०२३ साली एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली. नऊवारीचं ऐकून आमच्या सासूबाई तेवढ्या खूष झाल्या. "कासोटा घट्ट असला म्हणजे झालं," म्हणाल्या.

पण मैत्रिणींनो, पद्मश्रीच्या गोष्टींनी आईची काळजी मिटत नाही. मलाच पटलं नव्हतं तर अक्कांना काय पटवणार? तेव्हा भाचीनंच तोड काढली. हैदराबादला गंडीपेटच्या बाजूला २०२३ साली एक जागा सुरू झाली होती. काचेची उंच नळी, खालून पंख्यांचा प्रचंड वारा, आणि त्या वाऱ्यावर माणूस तरंगतो. विमान नाही, उंची नाही, पण पडताना अंग कसं ठेवायचं ते कळतं. एका मुलीचे तीन हजारांच्या आसपास. "मामी, मला जमतंय की नाही हे तरी कळेल. नाही जमलं तर फॉर्मच भरणार नाही." हा सौदा मला पटला. यांनी फक्त एवढंच विचारलं, "तू पण उडणार का?"

तर निघालो आम्ही दोघी. हैदराबाद आपल्या मराठवाड्याला काही परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही मोठं दुखणं निघालं की आधी हैदराबादचं नाव घेतात, मग मुंबईचं. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, हिरवा ठेचा आणि घरची केळी घेतली. बाहेरचं खायचं नाही असं ठरलेलंच होतं.

नांदेडहून गाडी सुटली की मुदखेड, उमरी, धर्माबाद आणि मग बासर. बासरला सरस्वतीचं देऊळ आहे. आमच्या भागातली कितीतरी माणसं मुलांचं पाटीपूजन तिथंच करतात. भाचीचंही तिथंच झालं होतं. तिला आठवत नाही, पण मला आठवतं. अक्कांनी तिचा चिमुकला हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं आणि ही भोकाड पसरून रडत होती. बासर सुटलं की गाडी गोदावरीच्या पुलावर येते. डब्यातल्या सगळ्या बायकांनी नदीला हात जोडले. मीही रुपया टाकला. काय मागितलं ते मात्र सांगत नाही.

निजामाबादनंतर मराठी मागं पडते आणि खिडकीतून तेलुगू येऊ लागते. सिकंदराबादला यांच्या चुलतभावाकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं रायदुर्गपर्यंत गेलो आणि पुढं रिक्षा केली. रिक्षावाल्यानं वाटेत गंडीपेटचा तलाव दाखवला. त्याचं खरं नाव उस्मानसागर. १९०८ साली मुसी नदीला भयंकर पूर आला, शहराची दाणादाण उडाली, तेव्हा पुन्हा तसं होऊ नये म्हणून हे धरण बांधायला घेतलं आणि १९२० साली पुरं केलं. पूर आला म्हणून कुणी शहर सोडलं नाही, पुराला आवरायचं कसं ते शिकले. मला हे तेव्हा सुचलं नव्हतं हो, परतताना सुचलं.

तिथं गेल्यावर आधी वजन केलं, कागदावर सही घेतली. मग एका मुलानं शिकवायला सुरुवात केली. पोट खाली, कंबर पुढं, हनुवटी वर, हात सैल, गुडघे थोडे वाकलेले. आत वाऱ्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून खुणांची भाषा. दोन बोटं सरळ दाखवली की पाय लांब करायचे, दोन बोटं वाकवली की पाय मोडायचे, अंगठा नि करंगळी हलवली की अंग सैल सोडायचं. अंगावरचं सगळं काढायला लावलं. बांगड्या, कानातलं, गळ्यातलं. ते मी रुमालात बांधून मुठीत धरलं आणि काचेपाशी उभी राहिले.

तो वारा पाहिला आणि पोटात गोळाच आला. विमानातून तेरा हजार फुटांवरून उडी मारली तर छत्री उघडेपर्यंत साधारण मिनिटभर माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो. तेवढाच वारा इथं खालून वर फेकतात. आमची केळी आडवी करणारा वारा याच्यापुढं लहान पोर!

पहिल्या फेरीत भाचीची फजिती झाली. भीतीनं अंग आखडलं, की ही एका काचेवरून दुसऱ्या काचेवर आपटायची. शिकवणारा मुलगा आतच होता, तो तिला धरून पुन्हा मधोमध आणायचा आणि करंगळी हलवून दाखवायचा. सैल सोड, सैल सोड. मिनिटभरानं ती बाहेर आली तेव्हा मला वाटलं, आता पुरे म्हणणार. ती बाकावर बसली, डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी त्या खुणा परत परत करू लागली. ओठ हलत होते. मैत्रिणींनो, परीक्षेच्या वर्गात पहारा करताना मी असे चेहरे पाहिलेत. ही मुलगी मौजमजा करायला आलेली नव्हती, ती अभ्यास करत होती.

दुसऱ्या फेरीत ती तरंगली. मोजून काही क्षण शिकवणाऱ्यानं हात सोडले आणि ती आपली आपण त्या वाऱ्यावर पडून राहिली, पाण्यावर पान राहावं तशी. मला आमची केळीची पानं आठवली. वाऱ्यात ती फाटतात ना, आपल्याला वाईट वाटतं. पण पान फाटून वाऱ्याला वाट देतं, म्हणून झाडावरचा भार हलका होतो. ताठ राहणाऱ्याला वारा आपटतो. हे मी वीस वर्षं पाहत होते, मला कळलं त्या दिवशी.

दोघींचा मिळून सगळा खर्च पाच हजारांच्या आत बसला. डब्यात पैसे उरले, हे भाचीनं परतीच्या गाडीत तीनदा सांगितलं.

अर्धापूरला आल्यावर मी अक्कांना फोन केला नाही, घरीच बोलावून घेतलं. खोटं काही सांगितलं नाही. हैदराबादचं तरंगणं आणि आग्र्याची उडी एक नाही, हेही सांगितलं. आग्र्याला विमान फार उंच जात नाही, हजार-बाराशे फुटांवरून उडी असते. छत्रीचा पट्टा विमानाला अडकवलेला असतो, त्यामुळं उडी घेताच छत्री आपोआप उघडते. पाठीवरची उघडली नाही तर पुढं दुसरी असते. धोका नाही असं कुणी म्हणू नये, धोका आहे. म्हणून विमानात बसवण्याआधी कितीतरी दिवस जमिनीवरच घोकून घेतात. काय घोकून घेतात? तर जमिनीवर पडायचं कसं ते! दोन्ही पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले. आधी चवडे टेकायचे, मग अंग एका कुशीवर सोडून पोटरी, मांडी, ढुंगण आणि पाठीची बाजू. म्हणजे आदळणं एकाच हाडावर येत नाही, सगळ्या अंगावर वाटलं जातं.

अक्का सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अन् पडली तर?"

मी म्हटलं, "अक्का, पडणार तर आहेच. आपल्या पोरी कुठं ना कुठं पडतातच. संसारात पडतात, नोकरीत पडतात. कसं पडावं हे आपल्याला कुणी शिकवलं होतं का? हिला शिकवणार आहेत."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग चष्मा मागितला. सही करताना त्यांचा हात थोडा थरथरला, पण नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट.

आता बटालियनची निवड, मग पुढची, मग वैद्यकीय तपासणी. एवढ्या चाळण्यांतून भाची निघेल की नाही, मला सांगता येत नाही. नाही निघाली तरी तिचं काही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. तुमच्याही मुलीनं असा हट्ट धरला तर एवढं करा. उसनवारी करून हौसेची उडी मारू देऊ नका. आधी कॉलेजात एन.सी.सी. आहे का ते विचारा. पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याचा परवाना आणि अनुभव विचारा. वारा-पाऊस बघून उडी रद्द करतात का ते विचारा, कारण जो रद्द करतो तोच भरवशाचा. गुडघ्याचं, पाठीचं, दम्याचं दुखणं लपवू देऊ नका. आणि एकदा तरी तिच्याबरोबर जाऊन काचेपाशी उभ्या राहा.

सध्या आमच्याकडे रोज संध्याकाळी ओट्यावरून उड्या चालतात. खाली केळीच्या वाळलेल्या पानांचा ढीग घातलाय. परवा अक्का मुक्कामाला होत्या. अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. भाचीनं उडी मारली तशा त्या हातातली शेंग टाकून ओरडल्या, "पाय जोड की गं! गुडघे कोण मोडणार, मी का?"