डावं जाकीट

"मास्तर, पोरीले तलवार काहून शिकवता? कोनावर चालवाची हाये तिले?" एका पालकानं शाळेच्या फाटकाशी मला अडवून विचारलं. प्रश्न रास्तच होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आर्णी-दिग्रस भागात तलवार दिसते ती शिवजयंतीच्या मिरवणुकीत. मी सरावाची इपी, म्हणजे तलवारबाजीच्या खेळातली तलवार, त्यांच्या हातात दिली. त्यांनी टोक अंगठ्यानं दाबलं, पातं वाकवून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं वाकते." पोरगी दुसऱ्या दिवशी सरावाला आली.

मी क्रीडा शिक्षक. बीपीएड अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात केलं. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवणारी ही संस्था. लाठी, लेझीम, मल्लखांब तिथं अंगात भिनलं, म्हणून तलवारबाजीतला पावलांचा खेळ मला परका वाटला नाही. तलवारबाजी शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आहे. पुढं गेलेल्या खेळाडूला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, हे कळल्यावर पालकांचा सूर बदलतो. खेळ पोराला आवडतो, गुण बापाला. दोन्ही चालतं.

सुरुवातीला या खेळाला पैसा लागतच नाही. खेळायची पट्टी, पिस्त, 14 मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद. ती आम्ही मैदानात चुन्यानं आखली. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात, तेव्हा वर्गांपुढच्या व्हरांड्यात जातो. ॲडव्हान्स म्हणजे पुढं, रिट्रीट म्हणजे मागं, लंज म्हणजे झेप, पुन्हा ॲडव्हान्स. मागचा पाय आडवा, पुढचा सरळ, गुडघे वाकलेले. कापूस वेचायला जाणाऱ्या मुलींच्या मांड्यांत आणि कमरेत जो दम असतो, तो शहरातल्या पोरांना जिममध्ये जाऊन कमवावा लागतो. हातात बांबूची कामटी दिली तरी चालते, फक्त तेव्हा समोर माणूस उभा करायचा नाही, भिंतीवरच्या खुणेवर टोचायचं. भवानी देवीनंही चेन्नईतल्या शाळेत बांबूच्याच काठीनं सुरुवात केली होती. ती टोकियोत उतरली आणि ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली.

जोड्या लावायची वेळ आली की पैसा आडवा येतो. मास्क, जाकीट, आतलं प्लास्ट्रॉन, हातमोजा, मुलींना छातीचं कवच, वर हत्यार आणि ते गुणांच्या यंत्राला जोडणारी बॉडीवायर. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 7521 रुपये. एक क्विंटल विकून एका पोराचा स्पर्धेचा पूर्ण संच येत नाही. सुरक्षेत काटकसर करायची सोयही नाही. 1982 च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं मास्कमधून आत शिरलं आणि ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह गेला. आजचे मजबूत मास्क आणि कडक नियम त्यानंतरचे. म्हणून जाळी चेपलेला मास्क फुकट मिळाला तरी मी घेत नाही.

फॉइल, सेबर आणि इपी या तीन हत्यारांतून आम्ही इपी निवडली ती हिशेबानं. फॉइलला आणि सेबरला जाकिटावरून घालायचं धातूच्या धाग्यांचं लामे लागतं. इपीत सगळं अंगच लक्ष्य, त्यामुळं लामेचा खर्च वाचतो. हल्ल्याचा हक्क कोणाचा, यावरचा वादही नाही; ज्याचं टोक आधी लागलं त्याचा गुण, दोघांचं एकदम लागलं तर दोघांनाही. आमच्याकडं गुण दाखवणारं यंत्र नाही. वार लागला की ज्याला लागला त्यानंच हात वर करून "लागला" म्हणायचं, असा नियम केला. पोरं प्रामाणिक राहतात. एखादा राहिला नाही तर बाकीचे ओरडून त्याला प्रामाणिक करतात.

संच शाळेचा, कपाट शाळेचं. एकाचा डाव झाला की मास्क आतून पुसून पुढच्याला. यात एक अडचण मला आधी ठाऊक नव्हती. जाकिटाची चेन हत्यार नसलेल्या हाताच्या बाजूला लागते, म्हणजे डावखुऱ्याला वेगळं जाकीट आणि वेगळा मोजा. फाटकाशी भेटलेल्या त्या बापाची पोरगी नेमकी डावखुरी. घरी ताटावर बसली की "उजव्या हातानं जेव" ऐकणारी. पिस्तवर तोच हात समोरच्याला गोंधळात टाकतो. जाकीट मिळेपर्यंत तिला नुसतं फुटवर्क करावं लागलं, आणि तेव्हा ती माझ्याकडं अशी बघायची की जाकीट मीच लपवलंय.

स्पर्धेतला आणखी एक नियम खिशावर बसतो. पिस्तवर येताना दोन चालू हत्यारं आणि दोन बॉडीवायर हव्यात, नाहीतर पिवळं कार्ड. ज्याच्याकडं एकच हत्यार, तोही उसनं, त्याला ताकीद मिळते ती गरिबीची. नियम चुकीचा नाही. हत्यार मध्येच बंद पडतं, खेळ खोळंबतो. पण मग दुसरं हत्यार स्पर्धेच्या टेबलावर उसनं मिळायला हवं. न्यूयॉर्कमध्ये पीटर वेस्टब्रुक या 1984 च्या ऑलिंपिक कांस्यविजेत्यानं 1991 पासून शहरातल्या गरीब पोरांना तलवारबाजी शिकवली आणि त्यातून ऑलिंपिक खेळाडू निघाले. आपल्याकडं तर प्रत्येक जिल्ह्याला क्रीडा कार्यालय आहे. त्याच्या एका कपाटात उसने द्यायचे संच असले, तर पांढरकवडा, उमरखेड, झरी जामणीच्या शाळांनाही पट्टी आखता येईल.

मोठ्या शहरांतल्या क्लबांना आणि पालकांना एवढंच सांगणं. पोरगं वाढलं की जाकीट तोकडं होतं आणि माळ्यावर जातं. ते जवळच्या तालुक्यातल्या शाळेला द्या. लहान मापाचं आधी द्या, आणि डावं असेल तर नक्की द्या.