घोड्याच्या पोटाला एकदा कान लावून बघाच!

घोड्याला उलटी करता येत नाही! तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेला घास परत वर येतच नाही! म्हणजे एवढं मोठं, देखणं, भरधाव जनावर, आणि एक बुरशी लागलेली पेंढी पोटात गेली तर ती पुढेच सरकणार! हे कळल्यापासून मी पेणमध्ये भेटेल त्याला घोड्याबद्दलच सांगत सुटलेय. आता तुमची पाळी!

आधीच सांगते, मी पशुवैद्य नाही, स्वारही नाही. आमच्याकडे घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. पण माथेरानला गेले. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्या बंद, लाल मातीची वाट आणि घोडेच घोडे! तिथे एक घोडेवाले मामा आपल्या तांबड्या घोडीला खरारा करत होते. मी जरा जास्तच वेळ बघत राहिले, आणि मग मामा म्हणाले, "ताई, इकडं या. इथं कान लावा." शेवटच्या बरगडीच्या मागे, कुशीला. लावला! आणि आत काय चाललं होतं म्हणून सांगू! रिकाम्या रांजणात कुणी पाणी ओततंय असा गडगडाट, मग जरा शांत, आणि मग पुन्हा गुडगुड गुडगुड! "हे चालू आहे तोवर घोडी ठीक," मामा म्हणाले. "आवाज थांबला की डॉक्टरला फोन."

बास! मी तिथेच अडकले!

कारण सगळा खेळ त्या पोटाचा आहे! घोड्याचं जठर अगदी लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यामागचं मोठं आतडं मात्र १०० लिटरच्याही वर, आणि त्यात कोट्यवधी जिवाणू गवत आंबवून त्याची ताकद करत बसलेले! जठरात आम्ल २४ तास पाझरतं, घोडा खात असो वा नसो. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते! म्हणून मोकळा घोडा दिवसाचे १६-१६ तास चरतो. त्याला हावरट म्हणू नका, चरणं हेच त्याचं औषध आहे! आणि मग हिशेब कळला: वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज, म्हणजे ३०० किलोच्या तट्टाला साडेचार ते सहा किलो, तीही थोडी थोडी, दिवसभर. वैरण आधी, चंदी म्हणजे दाणा नंतर! हरभरा आणि जव एकदम पाटीभर ओतले की ते जठरात मावत नाहीत, न पचता मागच्या आतड्यात घसरतात, तिथे भलतंच आंबतात, आणि मग पोटशूळ उठतो, आणि मग, हे ऐका, खुरांच्या आत दाह होतो! बिघाड पोटात आणि घोडा पायाने लंगडा! काय जोडलंय कशाला!

आता आपल्या पेण-रोह्याकडे या. आपला मुलूख भाताचा. गिरणीत तांदळाचा कोंडा हवा तेवढा मिळतो, तो स्वस्त, आणि घोडा तो आवडीने खातो. पण कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम अगदी कमी! नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचं शरीर कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून ओढून काढतं, आणि मग जबडा सुजतो, हाडं ठिसूळ होतात! कॅल्शियम नेहमी फॉस्फरसपेक्षा जास्त हवं. लसूणघासात ते भरपूर असतं. म्हणजे आपल्याला रोज दिसणाऱ्या कोंड्यावर घोड्याचा पाय टिकणं-मोडणं ठरतं!

आणि मीठ! आपल्या पेणच्या मिठागरांमुळे मला ते नवं नाही, पण घोड्याचा घाम आपल्या घामाहून खारट असतो हे मात्र अगदी नवं! त्या घामात एक प्रथिन असतं, म्हणून घासलं की फेस येतो! जोरात पळणारा घोडा तासाला १० लिटरपर्यंत घाम गाळू शकतो. पाणी तर हवंच, पण मीठ नसेल तर पुरेशी तहानच लागत नाही!

पळण्याचं काय सांगू! घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. भरधाव पळताना एक झेप, एक श्वास, अगदी ठेक्यात! प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी धावायला लागताच रक्तात उतरतात! आणि आता स्पर्धेतले घोडेही मला वेगळेच दिसायला लागलेत! २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं, तब्बल ४१ वर्षांनी घोडेस्वारीत सुवर्ण, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा! मी त्या स्पर्धेची चित्रफीत पुन्हा पाहिली, आणि या वेळी स्वाराकडे लक्षच गेलं नाही, मी घोड्याचं पोट आणि नाकपुड्या बघत होते! लांब पल्ल्याच्या शर्यतीत तर पहिला येऊन भागत नाही. पशुवैद्य नाडी मोजतो, ती ठरलेल्या वेळेत मिनिटाला ६४ ठोक्यांवर यायलाच हवी, नाहीतर घोडा बाद! जिंकणं म्हणजे घोडा ठणठणीत पोचवणं! किती न्यायाचं!

मामांनी जाता जाता आणखी एक दाखवलं. घोडीचा ओठ वर केला, हिरडीवर अंगठा दाबला, पांढरा ठसा उमटला, आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी! रक्त नीट फिरतंय! मग खूर उचलला, खाचेतली माती काढली, वास घेतला. पावसाळ्यात ओल राहिली की तिथे कुजतं, म्हणून रोज. आणि नालबंद दीड-दोन महिन्यांनी!

तेव्हा मंडळी, माथेरानला किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर घोड्यावर बसण्याआधी एवढं कराच. त्याला पाव, बिस्किटं, उरलेली भेळ देऊ नका. मालकाला विचारा, पाणी कधी पाजलं, वैरण कधी टाकली. लंगडतोय असं दिसलं तर बसू नका. पेण-रोह्यात वरातीचं घोडं पाळणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना कोंड्याची गोष्ट आजच सांगा, आणि पोट गप्प झालं तर घरगुती काढे करत न बसता १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करायला सांगा. पोटशुळात घोड्याच्या हाती तास असतात, दिवस नाहीत.