कालव्याकाठी दोन मुक्काम

सायकल म्हटली की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक, शाळेला निघालेली मुलगी. आणि दुसरे, दुधाच्या कॅना बांधून पहाटे शहरात शिरणारा गडी. हौसेने मुक्कामाला जाण्यासाठी कोणी सायकल काढत नाही. पण यंदा आमच्या घरात तसे ठरले आहे. माझी मुलगी अकरावीत आहे, पुतण्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. त्या दोघांना घेऊन पाथरीपासून जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या काठाने परभणीकडे यायचे, असा बेत आहे.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. पैठणहून निघणारा हा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. जालना जिल्हा ओलांडून तो आपल्या जिल्ह्यात येतो. पाणी आपल्या आपण वाहत जावे म्हणून कालव्याला अगदी मंद उतार दिलेला असतो. त्यामुळे काठाच्या वाटेला दमछाक करणारा चढ नाही. मात्र कालवा टेकाडाला, ओढ्याला वळसे घेत जातो. पाथरी ते परभणी डांबरी रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर. काठाने त्याहून बरेच जास्त धरून चालावे लागते. म्हणून तीन दिवस आणि दोन मुक्काम.

फ्रान्समध्ये १६८१ साली पूर्ण झालेला २४० किलोमीटरचा एक जुना कालवा आहे, कॅनाल द्यु मिदी. पूर्वी काठाने घोडे चालत आणि दोराने नावा ओढत. आता त्या वाटांवरून लोक सायकलीने हिंडतात. आपल्या कालव्यावर नावा कधी चालल्या नाहीत. इथली वाट साहेबांच्या जीपसाठी आणि पाणी सोडणाऱ्या माणसांसाठी केलेली. तिच्यावर ना नळ, ना धर्मशाळा. कुठे ती खचलेली असते, कुठे बाभळीने अडवलेली. म्हणूनच निघण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. एप्रिल-मे म्हणजे भट्टी. तेव्हा डिसेंबरअखेर ठरला. पण परभणीची थंडीही साधी समजू नये. डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांवर उतरला होता. म्हणून प्रत्येकी एक गोधडी, कानटोपी आणि खाली अंथरायला ताडपत्री. पंप, पाना, दोन जादा ट्यूबा, पंक्चरचे सामान हवेच. बाभळीचा काटा कोणाची गय करीत नाही. खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ.

मुलांना दोन नियम आधीच सांगितले आहेत. कालव्यात उतरायचे नाही, हातपाय धुवायलासुद्धा नाही. अस्तराचा उतार शेवाळाने निसरडा होतो आणि पाणीपाळी चालू असली की घसरलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. दुसरा नियम, दिवस मावळण्याआधी काठ सोडायचा. मुलीने विचारले, “बाबा, काठावरच तंबू ठोकला तर?” मी म्हटले, “काठ दिवसा आपला. रात्री तो सापा-किरड्यांचा.”

मग रात्री कुठे राहायचे? १९०१ साली बालवयातील बाबासाहेब आणि घरातली मुले साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरून त्यांनी बैलगाडीने प्रवास केला. डबा भरलेला होता, पण जात कळल्यावर पाणी कोणी दिले नाही आणि लेकरे उपाशीच झोपली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. सवाशे वर्षांत पुष्कळ बदलले. तरीही अनोळखी गावात संध्याकाळी पाण्याचा तांब्या मागताना आपल्या माणसाच्या मनात आधी एक प्रश्न येतो, हे खोटे नाही. म्हणून दोन्ही मुक्काम ओळखीच्या गावांत धरले आहेत. एक नातेवाइकांच्या अंगणात, दुसरा एका बुद्धविहाराच्या ओसरीत. दोन्हीकडे आधी निरोप गेला आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला हा बेत पसंत नाही. “पोरीच्या जातीला रानात रात्री कशाला नेतोस?” असे तिचे म्हणणे. तिची काळजी मी हसण्यावारी नेली नाही. मुक्कामाची गावे, तिथली माणसे, फोन नंबर सगळे तिला लिहून दिले. पण खरे उत्तर आईने दिले. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत ती कालव्याच्या मातीकामावर होती. दिवसभर टोपल्याने माती वाहायची आणि तंबूतच झोपायची. आई बहिणीला म्हणाली, “मी तिच्याएवढीच होते की. तवा मला कोणी अडवलं नाही, कारण पोटाचा सवाल होता. आता पोरगी खुशीनं चालली, तर अडवायचं व्हय?”

बहीण गप्प झाली. मग आई माझ्याकडे वळली. “आम्ही खांदलं, पण पाणी कुठवर गेलं ते मी बघितलं नाही. आपल्याला रानच नव्हतं, तर चारी कुठून येणार? कोणाकोणाच्या रानात गेलंय, तेवढं बघून ये.”

हे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे. तिने वहीत रकाने पाडलेत : गाव, चारी, कोणते पीक, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचते का, आणि ज्यांच्या आई-आजीने माती वाहिली त्यांच्यापैकी कोणाला त्यातले पाणी मिळते. परत आल्यावर ती वही आजीला वाचून दाखवायची आहे. आजीला अक्षरओळख नाही. पण कालव्याचा हिशेब तिला आमच्यापेक्षा लवकर कळेल.